सुट्टीतले वादळ आणि इशाऱ्याची भाषा

मार्गशीर्ष लागला की सीमाभागातील माणसे घराबाहेर पडतात. भात खळ्यावर येते, ऊसतोडणीच्या टोळ्या फडाकडेला कोप्या घालतात, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराची वाट कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांनी भरून जाते आणि नाताळची सुट्टी साधून पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले गावी येतात. एरव्ही छपराखाली राहणारी माणसे या दिवसांत उघड्यावर असतात आणि एरव्ही गावात असणारी सरकारी माणसे नेमकी या दिवसांत रजेवर असतात. अशा वेळी वादळी पाऊस आला तर गावाला त्याची खबर कोण देणार, कोणत्या भाषेत देणार आणि खबर मिळाल्यावर गाव काय करणार, या तीन प्रश्नांचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

हिवाळ्यात आपल्याकडे कसले आले आहे वादळ, असे कोणी म्हणेल. पण अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन असतात. एक मान्सूनच्या आधीचा आणि दुसरा मान्सून परतल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. हा दुसरा हंगाम नेमका दिवाळी ते नाताळ या सणासुदीच्या काळात येतो. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्यावरून वर सरकले आणि समुद्रात गेलेले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. २०१९ साली ‘क्यार’ वादळ दिवाळीच्या तोंडावरच उठले. ते किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेले, तरी गोवा आणि सिंधुदुर्गाला त्याने ऐन सणात झोडपले. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रात थंड वारे आणि अवकाळी पाऊस एकदमच आले. त्यात पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात शेकडो मेंढ्या-शेळ्या माळावर गारठून मेल्या. पाण्यात बुडून जनावर मेले तर लोकांना कारण कळते. परंतु भिजलेल्या अंगाला रात्रभर वारा लागून मेलेले जनावर पाहिले म्हणजे हिवाळी पाऊस किती घातकी असतो ते ध्यानात येते. जी गोष्ट मेंढराची तीच कोपीत झोपलेल्या ऊसतोड मजुराच्या तान्ह्या मुलाची, आणि तीच डोंगरावर उघड्या मैदानात मुक्काम केलेल्या म्हाताऱ्या भक्तिणीची.

सुट्टी आणि वादळ एकत्र आले म्हणजे काय होते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो हे शहर हिमवर्षावाला सरावलेले. २०२२ च्या नाताळात, २३ डिसेंबरपासून तेथे जे हिमवादळ सुरू झाले त्याने सदतीस तास दम घेतला नाही. चार फुटांहून अधिक बर्फ पडले आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे मेली. कोणी रस्त्यात अडकलेल्या मोटारीत, कोणी घरातील ऊब बंद पडल्यामुळे, तर कोणी रुग्णवाहिका पोचू न शकल्यामुळे मेले. हवामान खात्याने कित्येक दिवस आधीपासून स्पष्ट इशारे दिले होते. तरीही वाहने रस्त्यावर आणण्यास बंदी लागू झाली ती त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता. तोवर पाळीचे कामगार कामावर पोचले होते आणि सणाची खरेदी करणारे घराबाहेर पडले होते. पुढे झालेल्या परीक्षणात या उशिरावर बोट ठेवले गेले.

याच वादळातील आणखी एक गोष्ट आमच्या गावांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शहराजवळच्या एका वस्तीत बर्फात अडकलेल्या एका माणसाने शेवटी एका बंद शाळेची खिडकी फोडली आणि वीसहून अधिक लोकांना आत घेऊन त्यांचे प्राण वाचवले. जाताना त्याने खिडकी फोडल्याबद्दल क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून ठेवली. सर्वांना सामावून घेईल अशी इमारत समोर उभी होती. सुट्टी असल्यामुळे तिला कुलूप होते, एवढेच. आमच्या कोणत्याही गावात मजबूत छपराची मोठी इमारत म्हणजे प्राथमिक शाळा. नाताळच्या सुट्टीत तिची किल्ली कोणाकडे असते? मुख्याध्यापक आपल्या गावी गेलेले, शिपाई असला तर असला. हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण वादळाच्या रात्री याहून मोठा प्रश्न दुसरा नसतो.

येथवरचा भाग कोणत्याही गावाला, कोणत्याही भाषिकाला लागू आहे. सीमाभागातील मराठी माणसाची अडचण याच्या पुढे सुरू होते. तिचे हुबेहूब चित्र पाहावयाचे असेल तर टेक्सास राज्यातील सारागोसा या खेड्याकडे पाहावे लागेल. वस्ती काही शेकड्यांची, बहुतेक सर्व मेक्सिकन वंशाचे, घरात स्पॅनिश बोलणारे. २२ मे १९८७ च्या संध्याकाळी बालवाडीच्या मुलांच्या निरोप समारंभासाठी गाव चर्चच्या सभागृहात जमला होता. चक्रीवादळाचा झोत आला आणि तीस माणसे ठार झाली. त्यांतील बहुतेक त्या सभागृहातली होती. हवामान खात्याने इशारा दिला नव्हता काय? दिला होता. पण गाव जी स्पॅनिश दूरचित्रवाणी पाहत होते ती दूरच्या शहरातून येत होती आणि तिच्यावर या खेड्याच्या हवामानाचा उल्लेख नव्हता. स्थानिक इशारा होता तो इंग्रजीत. जो काही स्पॅनिश भाषेत सांगितला गेला त्यातील शब्दाला ‘आता उठा आणि पळा’ अशी धार नव्हती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. आपल्या भाषेच्या वाहिनीवर आपले गाव नव्हते आणि आपल्या गावाच्या इशाऱ्यात आपली भाषा नव्हती. या दोहोंच्या मधल्या फटीत तीस माणसे गेली.

खानापूर, बेळगाव, निपाणी, कारवार, हलियाळ, भालकी, औराद या तालुक्यांतील मराठी घर आज याच फटीत उभे आहे. घरातील दूरदर्शन संचावर मराठी बातम्या लागतात त्या मुंबईहून. त्यात कोल्हापूर, सिंधुदुर्ग, लातूर, नांदेड या जिल्ह्यांना पिवळा की केशरी इशारा ते सांगतात. पडद्यावरचा नकाशा शिनोळीपर्यंत येतो आणि तेथे संपतो. पलीकडच्या तालुक्यांचे काय? ते कर्नाटकात असल्यामुळे हवामान खात्याच्या हिशेबी बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात मोडते, कारवार किनारी कर्नाटकात, कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात आणि सावंतवाडी कोकण-गोवा विभागात. बेळगावचा अंदाज बंगळूरच्या केंद्राकडून येतो आणि जिल्हा प्रशासनामार्फत लोकांपर्यंत जातो तो कन्नडमध्ये. चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगांना एकच ढग असतो, पण त्याची बातमी दोन वाटांनी, दोन भाषांत येते. जी वाट मराठी माणसाच्या घरात येते ती त्याच्या गावाचे नाव घेत नाही.

याला कोणी उत्तर देईल की सीमाभागातील मराठी माणसाला कन्नड समजते. बाजारापुरते समजते, हे आम्ही मान्य करतो. बेळगावच्या रविवार पेठेत दोन्ही भाषा एकाच तराजूत तोलल्या जातात. कन्नड आम्हाला परकी नाही आणि तिच्याशी आमचे भांडणही नाही. पण भाजी घेण्याचे कन्नड वेगळे आणि सरकारी पत्रकाचे कन्नड वेगळे. थोडे शब्दच पाहू. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात. मराठी कानाला मळे म्हणजे बागाईत शेते. ‘बिरुगाळी’ म्हणजे वादळी वारा आणि ‘सिडिलु’ म्हणजे वीज, हे ज्याला ठाऊक नाही त्याला या शब्दांवरून काहीच उमगणार नाही. ‘एच्चरिके’ म्हणजे इशारा आणि ‘मुन्नेच्चरिके’ म्हणजे पूर्वसूचना. ‘चंडमारुत’ हा शब्द संस्कृत असल्याने कसाबसा कळतो. सर्वांत धोक्याचा शब्द मात्र ओळखीचा वाटणारा आहे. कन्नडमध्ये पुराला ‘प्रवाह’ म्हणतात. मराठीत प्रवाह म्हणजे नुसते वाहते पाणी. ओढ्याला प्रवाह असतोच. रात्री अकरा वाजता ‘प्रवाह’ येणार असा निरोप ऐकून मराठी म्हातारी कूस बदलून झोपेल. सारागोसात इशाऱ्याची धार भाषांतरात बोथट झाली. आमच्याकडे ती भाषांतर न होताच बोथट होते.

येथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगितली पाहिजे. केवळ मराठीत असल्याने इशारा समजण्याजोगा होतो असे नाही. ‘सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ हे वाक्य मराठी आहे, परंतु कोणत्या म्हाताऱ्याला ते आपल्याविषयी आहे असे वाटेल? ‘ओढ्याकाठची घरे सोडा, आत्ता शाळेत या’ एवढे म्हटले की पुरे. जपानात १९९५ च्या जानेवारीत कोबे शहराला भूकंपाने हादरवले तेव्हा तेथील परदेशी रहिवाशांना सरकारी सूचनांचे जड शब्द उमगले नाहीत. त्या अनुभवातून हिरोसाकी विद्यापीठातील अभ्यासकांनी ‘सोपी जपानी’ घडवली. ‘आश्रयस्थान’ या अर्थाच्या अवघड शब्दाऐवजी ‘पळून जायची जागा’ असे म्हणायचे, अशी तिची रीत. आम्हालाही खेड्यातील सोप्या मराठीत, आणि खेड्यातील सोप्या कन्नडमध्येही, इशारे हवे आहेत.

आता हक्काचा प्रश्न. राज्यघटनेचे ३५० वे कलम प्रत्येक माणसाला संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. पहिले मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी आणि दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमावयाच्या विशेष अधिकाऱ्याविषयी. म्हणजे माणसाने सरकारशी कोणत्या भाषेत बोलावे याची तरतूद घटनेत आहे. सरकारने माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे याचे उत्तर १९५६ चे केंद्रीय गृहमंत्रालयाचे निवेदन आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेले धोरण यांत आहे. जिल्हा, नगरपालिका वा तालुका यांसारख्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, असा त्याचा आशय आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध बेळगाव जिल्ह्यातच मराठी ही मातृभाषा सांगणारे पंधरा टक्क्यांहून अधिक होते. खानापूर-निपाणीचे तर विचारूच नका.

या धोरणाचा आधार घेऊन आजवर आम्ही मराठी परिपत्रके मागितली, मराठीत उतारे मागितले, पाट्या मागितल्या. ती मागणी योग्यच आहे. परंतु उतारा कन्नडमध्ये मिळाला तर माणूस कचेरीत हेलपाटे घालतो, वाचून देणारा शोधतो आणि आठ दिवसांनी का होईना त्याचे काम होते. वादळाचा इशारा समजला नाही तर आठ दिवस मिळत नाहीत. म्हणून आमचे म्हणणे असे की भाषेच्या मागण्यांच्या यादीत हवामानाचा आणि आपत्तीचा इशारा पहिल्या क्रमांकावर यावा. या मागणीला विरोध करणे कोणालाही जड जाईल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणावर, ज्याचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, पूर्वसूचनेची यंत्रणा उभारून ती जनतेपर्यंत नेण्याची जबाबदारी टाकली आहे. जनता या शब्दात भाषेची चाळण लावलेली नाही. लोकांना न समजलेला इशारा हा दिलेला इशारा मानता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्याही अवघड राहिलेली नाही. २०२३ साली दूरसंचार खात्याने देशभर टप्प्याटप्प्याने मोबाईल फोनवर एक चाचणी घेतली. अचानक मोठा आवाज होऊन पडद्यावर निरोप उमटला, तो अनेकांना आठवत असेल. हा निरोप टॉवरच्या टापूतील सर्व फोनांवर एकदम जातो. त्यासाठी कोणाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. एकाच टॉवरवरून तो एकाहून अधिक भाषांत सोडता येतो. निपाणीच्या टॉवरवरून कन्नडसोबत मराठी निरोप सोडण्यास नवे यंत्र लागत नाही. लागतो तो निर्णय.

दुसरी वाट आकाशवाणीची. आकाशवाणीची सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि पणजी ही केंद्रे केंद्र सरकारची. हवामान खातेही केंद्र सरकारचेच. सांगली आणि कोल्हापूर केंद्रांचा आवाज निपाणी-चिकोडीच्या शिवारात पूर्वापार ऐकला जातो. लहरींना चेकपोस्ट नसतो. तेव्हा या केंद्रांच्या मराठी हवामानवार्तेत सीमेपलीकडील तालुक्यांची नावे घेऊन त्यांचा अंदाज सांगावा, एवढी मागणी दिल्लीकडे करावी. यासाठी कोणत्याही राज्याच्या मानापमानाचा प्रश्न उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या दाव्याशीही याचा काही संबंध नाही. मुंबईच्या खासगी मराठी वाहिन्यांनाही आमचे सांगणे आहे की सीमाभागातील मराठी प्रेक्षक तुमचे कार्यक्रम आवडीने पाहतो. पावसाच्या दिवशी त्याच्या तालुक्याचे नाव पडद्याच्या खालच्या पट्टीवर धावू द्या.

जे आम्ही येथे मागतो ते तेथे देण्याचीही आमची तयारी हवी. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत, दक्षिण सोलापुरात कन्नड भाषिकांची गावेच्या गावे आहेत. महाराष्ट्र शासनाने त्यांना वादळाचे इशारे कन्नडमध्ये द्यावेत, ही मागणी मराठी माणसाने प्रथम करावी. २०१७ च्या डिसेंबरात ‘ओखी’ वादळात भरकटलेल्या ६८ बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांत ९५२ मच्छीमार होते. बोटी बहुतेक केरळच्या, दोन तामिळनाडूच्या. त्या वेळी देवगडच्या बंदरात मल्याळम बोलणारा एखादा माणूस मिळणे म्हणजे काय, हे त्या मच्छीमारांनाच ठाऊक. संकटात सापडलेल्याशी त्याच्या भाषेत बोलावे, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. आपण तो पाळला तर आपल्या मागणीला दुप्पट वजन येते.

हे सर्व शासन दरबारी मंजूर होईपर्यंत गावाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. सीमाभागातील अनेक ग्रामपंचायतींत मराठी सदस्य बहुसंख्येने आहेत. पुढील कामे ठराव करून, फारसा पैसा न घालता, सुट्टी लागण्यापूर्वी होण्यासारखी आहेत.

पहिले काम किल्लीचे. शाळा, समाजमंदिर आणि ग्रामपंचायत यांच्या किल्ल्यांची दुसरी जोडी गावातच राहणाऱ्या दोन जबाबदार माणसांकडे द्यावी आणि त्यांची नावे देवळाच्या फळ्यावर लिहावीत. वादळाच्या पहिल्या सूचना साधारण दोन ते तीन दिवस अगोदर येऊ लागतात. शुक्रवारी संध्याकाळी बंद झालेली कचेरी सोमवारी सकाळी उघडते तेव्हा साठाहून अधिक तास उलटलेले असतात. म्हणजे सूचनेपासून वादळापर्यंतचा जवळजवळ सगळा काळ कुलपात जाऊ शकतो. यास्तव पीडीओ, तलाठी आणि लाईनमन यांपैकी सुट्टीत कोण कामावर आहे आणि त्याचा फोन क्रमांक काय, हे पंचायतीने आधीच विचारून घ्यावे.

दुसरे काम दुभाषांचे. प्रत्येक गावात कन्नड उत्तम वाचणारी चार मुले-मुली असतात. कन्नड शाळेत शिकलेली वा महाविद्यालयात जाणारी. त्यांतील दोघांवर इशारा वाचून सोप्या मराठीत सांगण्याची कामगिरी सोपवावी. एक जण बाहेरगावी गेला तर दुसरा असावा. निरोप त्यांनी फोनवर पुढे ढकलून थांबू नये. देवळाचा भोंगा, मशिदीचा भोंगा आणि जुनी दवंडी या तिन्हींचा उपयोग करावा, कारण ज्यांना इशाऱ्याची खरी गरज असते त्या म्हाताऱ्यांकडे व मजुरांकडे बहुधा चालू फोन नसतो. ऐकीव निरोप मात्र पसरवू नये. कोठून आला, किती वाजता आला आणि कोणत्या तालुक्यासाठी आहे, हे तीन तपशील असल्याखेरीज भोंग्यावरून काही सांगू नये.

रंगांचा अर्थही गावाला एकदा समजावून सांगावा. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे ‘लक्ष ठेवा’, केशरी म्हणजे ‘तयारीत राहा’ आणि लाल म्हणजे ‘हालचाल करा’. तांबडा दिसेपर्यंत थांबणारा माणूस तयारीचा वेळ गमावून बसतो. केशरीच्या दिवशीच ताडपत्र्या काढाव्यात, खळ्यावरचे भात झाकावे, निपाणी भागात वाळत घातलेला तंबाखू आवरावा, गुरे झाडाखाली बांधू नयेत आणि विजेच्या सैल तारांची तक्रार नोंदवावी.

तिसरे काम यादीचे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, आजारी माणसे आणि मातीच्या भिंतींची घरे यांची यादी अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना तोंडपाठ असते. ती एका कागदावर उतरवावी. या यादीत शिवारातील ऊसतोडीच्या कोप्या आणि धनगरांचे वाडे यांनाही स्थान असावे. ही माणसे गावच्या मतदारयादीत नसतात, परंतु त्या रात्री ती गावच्याच हद्दीत असतात. कोपीत मराठवाड्यातला मराठी मजूर असेल किंवा विजापूरकडचा कन्नड मजूर. त्याला त्याच्या भाषेत सांगून शाळेत आणणे हे गावाचे काम आहे.

चौथे काम प्रवासाचे आणि यात्रेचे. सुट्टीत गोव्याला जाणारी वाहने चोर्ला, अनमोड आणि आंबोली या घाटांनी जातात. केशरी इशारा असेल तर घाटातील रात्रीचा प्रवास टाळावा आणि पाहुण्यांना एक दिवस अधिक ठेवून घ्यावे. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. बफेलोत मेलेल्यांतील काही जण रस्त्यावरच अडकले होते. सौंदत्तीची मार्गशीर्षातील यात्रा आणि माघातील चिंचलीच्या मायाक्काची यात्रा यांना मराठी भक्त फार मोठ्या संख्येने येतात. तेथील ध्वनिक्षेपकावरून हवामानाच्या सूचना कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत दिल्या जाव्यात, अशी लेखी मागणी देवस्थान समित्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे यात्रेपूर्वीच करावी. ती मराठीत केली तरी चालते. ३५० वे कलम त्यासाठीच आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. फोन उचलणारा कन्नडमध्ये बोलला तर गावाचे नाव, तालुका आणि काय झाले, एवढे तीन शब्द सांगण्यापुरते कन्नड घरातील प्रत्येकाला यावे, असेही आम्ही सुचवतो. हक्क मागताना शहाणपण सोडू नये.

वृत्तपत्राचे बळ येथे थोडे आहे, हे आम्ही जाणतो. अंक सकाळी पोचतो आणि वादळ रात्री येते. म्हणून ऐन वेळच्या बातमीपेक्षा आधीची तयारी हेच वृत्तपत्राचे खरे काम आहे. वर दिलेले कन्नड शब्द आणि त्यांचे अर्थ कात्रण काढून शाळेच्या वा पंचायतीच्या फळ्यावर लावण्यासारखे आहेत.

सीमाप्रश्नाचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. त्यासाठी सीमावासीयांनी १९५६ पासून जे सोसले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तो लढा आपल्या जागी आहेच. परंतु गाव कोणत्या राज्यात असावे हे ठरेपर्यंत गावातील माणूस जगला पाहिजे, आणि त्याला जगवणारा शब्द त्याला कळेल असा असला पाहिजे. ही मागणी कोणत्याही दाव्याच्या तारखेवर अवलंबून नाही. जिल्हाधिकाऱ्यांना, हवामान खात्याला आणि आकाशवाणीला निवेदने जाऊ द्यात. प्रत्येक ग्रामपंचायतीचा स्वतंत्र ठराव त्यांना जोडलेला असू द्या. आणि नाताळच्या सुट्टीपूर्वी गावात जी बैठक होईल तिच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय शाळेच्या किल्लीचा असू द्या.